पगाराचा आकडा आणायचा कुठून? पगार-मार्गदर्शिका, जॉब पोर्टल आणि कन्सल्टन्सी : नाशिकच्या नजरेतून परीक्षण

कॉलेज रोडवरच्या आठ माणसांच्या एजन्सीला ग्राफिक डिझायनर हवा असतो, अंबडच्या कारखान्याला मार्केटिंग सांभाळणारा माणूस हवा असतो, गंगापूर रोडच्या बिल्डरला ‘रील बनवणारं कुणीतरी’ हवं असतं. तिघांचा पहिला प्रश्न एकच : द्यायचे किती? उत्तर शोधायला साधने भरपूर आहेत. अडचण अशी की एकाच पदासाठी तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. मग मालक त्यातला सगळ्यात लहान आकडा मनात धरतो, उमेदवार सगळ्यात मोठा, आणि दोघे मुलाखतीला समोरासमोर बसतात. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. कोणते साधन काय मोजते आणि नाशिकमध्ये ते कितपत चालते, हे इथे तपासले आहे.

सुरुवात सगळ्यात लांबच्या साधनापासून. अमेरिकेतल्या रॉबर्ट हाफ या भरती-कंपनीची वार्षिक पगार-मार्गदर्शिका मार्केटिंग आणि क्रिएटिव्ह पदांसाठी वेगळे तक्ते देते. प्रत्येक पदापुढे पंचविसावा, पन्नासावा आणि पंचाहत्तरावा पर्सेंटाइल असे तीन आकडे असतात (पंचविसावा म्हणजे शंभरातल्या पंचवीस जणांचा पगार ज्याच्या खाली असतो तो आकडा). ते डॉलरमध्ये असतात, कामावर रुजू होतानाच्या मूळ पगाराचे असतात आणि बोनस त्यात धरलेला नसतो. या आकड्याला डॉलरच्या भावाने गुणून नाशिकचा पगार काढणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. पण मार्गदर्शिका बाजूला टाकण्यासारखी नाही. तिच्यातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली म्हणजे तीन रकान्यांची पद्धत. एकाच पदाचे तीन दर ठरवायचे : ज्याचे प्रत्येक काम तपासावे लागते त्याचा, जो क्लायंट एकट्याने सांभाळतो त्याचा, आणि जो दुसऱ्याला शिकवून तयार करतो त्याचा. ‘ज्युनिअर-सिनिअर’ या शब्दांपेक्षा ही विभागणी कितीतरी स्वच्छ आहे, कारण तिथे वर्षे मोजली जात नाहीत, जबाबदारी मोजली जाते.

दुसरी गोष्ट शहराप्रमाणे आकडा वरखाली करण्याची. मार्गदर्शिका अमेरिकेतल्या शहरांना राष्ट्रीय पातळीच्या वर-खाली टक्के देते. नाशिकसाठी सरसकट ‘पुण्यापेक्षा इतके टक्के कमी’ असा एकच गुणक लावला की गणित चुकते. काम दोन जातींचे असते. परफॉर्मन्स मार्केटिंग (परिणाम मोजून चालवलेल्या ऑनलाइन जाहिराती), यूआय डिझाइन (ॲप-वेबसाइटचे स्क्रीन), मोशन ग्राफिक्स (हलती चित्रे), इंग्रजी कंटेंट ही कामे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून मुंबई-पुण्याच्या, अगदी परदेशातल्या कंपनीसाठीही करता येतात. त्यांचा बाजार नाशिकचा राहिलेलाच नाही. तिथे नाशिकचा दर सांगितला की चांगला माणूस नम्रपणे नाही म्हणतो. शूटिंग, छपाईचे काम उभे राहून करून घेणे, इव्हेंट, क्लायंटकडे रोजची ये-जा या कामांना माणूस इथेच लागतो, त्यांचा दर इथल्या बाजारात ठरतो. जाहिरात देण्यापूर्वी पद या दोनपैकी कोणत्या जातीचे आहे एवढे ठरवले, तरी निम्मी घासाघीस टळते.

मोठ्या सल्लागार कंपन्यांचे ‘यंदा सरासरी पगारवाढ इतके टक्के’ असे अहवाल दरवर्षी येतात. त्यात मोठ्या कंपन्यांचे वजन जास्त असते. आठ जणांच्या एजन्सीने त्यावरून वाढ ठरवू नये.

आता ॲम्बिशनबॉक्स. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजचीच ही साइट, आणि उमेदवार मुलाखतीला येण्यापूर्वी हमखास पाहतात ती हीच. इथले आकडे कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेले असतात. त्यामुळे ती उपयोगी आहे आणि त्यामुळेच ती जपून वापरावी लागते. आधी किती नोंदींवरून सरासरी काढली आहे ते बघावे. समजा पाच नोंदी आहेत : चौघांचे पगार वर्षाला तीन-तीन लाख, एकाचा बारा लाख. सरासरी येते ४.८ लाख, आणि त्या कंपनीत ४.८ लाख कुणालाच मिळत नाही. मधला आकडा तीन लाखच आहे. नोंदी थोड्या असतील तर सरासरी सोडून द्यावी, किमान-कमाल पट्टा बघावा.

दुसरा घोळ पदनामाचा, आणि तो जास्त फसवा. ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ या नावाखाली आपल्याकडे फिरून विक्री करणारा माणूसही येतो आणि गुगल ॲड्स चालवणाराही. ‘ग्राफिक डिझायनर’मध्ये फ्लेक्सच्या दुकानातला डीटीपी ऑपरेटर येतो आणि ॲपचे स्क्रीन डिझाइन करणाराही. दोघांची सरासरी दोघांच्याही कामाची नाही. म्हणून पद शोधताना नेमके नाव टाकावे : ‘परफॉर्मन्स मार्केटिंग’, ‘व्हिडिओ एडिटर’, ‘एसईओ’ (गुगलच्या शोधात साइट वर आणण्याचे काम). शिवाय अनुभवाची वर्षे आणि शहर हे दोन्ही गाळणीत लावावेत. नाशिकच्या नोंदी कमी पडल्या तर पुण्याचा पट्टा घेऊन वर सांगितलेली कामाची जात लावावी. ग्लासडोअर या तशाच दुसऱ्या साइटलाही हेच सगळे लागू.

तिसरा घोळ सीटीसीचा, म्हणजे कंपनी एका माणसावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा. काहीजण सीटीसी भरतात, काहीजण हातात येणारी रक्कम बाराने गुणून भरतात. फरक किती पडतो ते त्याच ४.८ लाखांवर करून पाहू. महिन्याला ४०,००० झाले. कंपनीने दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी पाहून नंतर द्यायचा भाग, ठेवले तर ४,००० बाजूला. मूळ वेतन २०,००० धरू. कंपनीचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर बारा टक्क्यांनी १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी ९६२. उरले ३३,२३८. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात ३१,२३८ येतात. ‘चाळीस हजार’ ऐकून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात जवळजवळ नऊ हजार कमी दिसतात, आणि तो तिसऱ्या महिन्यात दुसरीकडे मुलाखती देऊ लागतो. ऑफर देताना हा हिशेब एका कागदावर मांडून उमेदवाराच्या हातात द्यावा. व्यवसाय कर महाराष्ट्रात वर्षाला २,५०० असतो, म्हणून फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापले जातात. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. तरीही तो कापला गेल्याचे छोट्या ऑफिसांत दिसते, तेव्हा पगारपत्रक नीट बघावे. ज्या एजन्सीत वीस माणसे नाहीत तिथे पीएफ बंधनकारक नसतो. अशा ठिकाणचे ‘चाळीस’ आणि पीएफ देणाऱ्या कंपनीचे ‘चाळीस’ हे एकाच तराजूत टाकू नयेत.

एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन तीस टक्के ठेवून बाकी ‘स्पेशल अलाउन्स’ अशी जुनी मांडणी त्यामुळे उपयोगाची राहिली नाही. नेमणूकपत्र देणेही सक्तीचे झाले. ‘उद्यापासून या, बघू’ अशी तोंडी नेमणूक इथल्या छोट्या स्टुडिओंत सर्रास चालते. ती आता बंद व्हायला हवी.

पोर्टलकडे वळण्यापूर्वी जाहिरातीबद्दल बोलले पाहिजे, कारण पोर्टलला दिला जाणारा बहुतेक दोष खरा जाहिरातीचा असतो. ‘सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह पाहिजे’ अशी जाहिरात घ्या. आत अपेक्षा काय? महिन्याला बारा रील, वीस पोस्ट, कॅप्शन, मेटावरच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या) जाहिराती, रिपोर्ट, क्लायंटचे फोन. तास मांडू. रीलचे शूट दोन तास आणि एडिट चार, बारा रीलचे ७२. वीस पोस्टना प्रत्येकी दोन तास, ४०. बत्तीस कॅप्शनना अर्धा-अर्धा तास, १६. जाहिराती सांभाळायला २०, रिपोर्ट ८, बैठका आणि फोन २०. बेरीज १७६ तास. बावीस दिवस रोज आठ तास म्हणजे नेमके १७६. जेवण, चहा, क्लायंटने तिसऱ्यांदा बदललेला रंग यांना यात जागाच नाही. प्रत्यक्षात दिवसाला साडेसहा तास काम हातून निघते, म्हणजे १४३. महिन्याला ३३ तासांची, पाच दिवसांची तूट पहिल्याच दिवसापासून. हे पद भरले जात नाही किंवा भरले तरी टिकत नाही, त्याचे कारण पगाराइतकेच या बेरजेत आहे. ही मांडणी करून मग ठरवावे : रील आठ करायचे, की एडिटिंग बाहेर द्यायचे, की दोन माणसे घ्यायची. आणि जाहिरातीत पगाराचा पट्टा लिहावा. तो न लिहिण्याने कुणाचे भले झालेले दिसत नाही.

नोकरी डॉट कॉमवर नुसती जाहिरात टाकणे आणि त्यांचा रेझ्युमे डेटाबेस, म्हणजे रेझडेक्स, वापरणे यात मोठा फरक आहे. रेझडेक्सला पैसे मोजावे लागतात, पण नाशिकसाठी तेच जास्त कामाचे. त्यातली सगळ्यात मोलाची युक्ती : सध्याचे शहर पुणे किंवा मुंबई, पसंतीचे शहर नाशिक. घरी परतू पाहणारी, मोठ्या शहरात दोन-चार वर्षे काम केलेली मुलेमुली इथे सापडतात. नोटीस पिरियडची गाळणीही लावावी, नाहीतर आवडलेला माणूस नव्वद दिवसांनी येतो आणि तोवर दिवाळीचे कॅम्पेन होऊन गेलेले असते. कीवर्ड टाकताना नाशिकचे इंग्रजी स्पेलिंग ‘एच’सह आणि ‘एच’शिवाय, दोन्ही तऱ्हांनी टाकावे. जुने लोक अजून दुसऱ्या तऱ्हेने लिहितात.

लिंक्डइनवर एका वेळी एक जाहिरात फुकट टाकता येते. छोट्या एजन्सीला ती पुरते. एका बटणात अर्ज करण्याच्या सोयीमुळे अर्जांचा ढीग येतो आणि त्यात देशभरचे लोक असतात. उपाय सोपा आहे. जाहिरातीबरोबर दोन-तीन छाननी-प्रश्न जोडावेत : नाशिकमध्ये ऑफिसला येऊन काम कराल का, मराठी लिहिता येते का, पोर्टफोलिओची लिंक आहे का. लिंक्डइन माणूस शोधण्यापेक्षा माणूस तपासायला जास्त चांगले. कुठे किती काळ टिकला, कोणत्या कामाबद्दल स्वतःहून लिहितो, हे तिथे स्वच्छ दिसते.

इंटर्नशाला ही साइट इंटर्नसाठी, म्हणजे शिकाऊ उमेदवारांसाठी, ठीक. पण नाशिकमध्ये त्याहून बरा मार्ग जवळच आहे. कलानिकेतनसारखी चित्रकला महाविद्यालये आणि एचपीटी कॉलेजचा पत्रकारिता विभाग यांच्याशी परीक्षा संपण्याआधी थेट बोलावे. इंटर्नला स्टायपेंड किती, कालावधी किती आणि शिकवणार कोण, या तिन्हीची उत्तरे नसतील तर इंटर्न घेऊ नये. ‘अपना’ ॲप रिसेप्शन, टेलिकॉलिंग, फिल्ड प्रमोशन अशा कामांना योग्य. डिझायनर शोधायला तिथे जाऊ नये.

डिझायनरची खरी जागा बिहान्स, म्हणजे डिझायनर आपले काम मांडतात ती साइट, पण पोर्टफोलिओ बघून नेमणूक केली तर फसगत होऊ शकते. सुंदर मॉकअप (नमुना-चित्रे), काल्पनिक कॉफी ब्रँड, सगळे इंग्रजीत. नाशिकचे काम मात्र मराठीत येते : सराफाची दिवाळीची जाहिरात, ठिबक सिंचनाचे माहितीपत्रक, द्राक्षबागेच्या औषधाचे लेबल. म्हणून चाचणीत एक मराठी मजकूर द्यावाच. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘श्री’, ‘ट्ट’, ‘क्ष’, ‘र्ज’ असलेली चार वाक्ये द्यावीत आणि छपाईसाठीची पीडीएफ मागावी. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिपींचा पर्याय चालू नसला की जोडाक्षरे फुटतात, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. ज्याला हे माहीत आहे, युनिकोड आणि जुने श्रीलिपी फॉन्ट यांतला फरक कळतो आणि प्रेसला फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करायचे (फॉन्ट नसला तरी बिघडू नये म्हणून अक्षरांचे आकृतीत रूपांतर करायचे) भान आहे, त्याला जास्त पैसे देणे रास्तच आहे. छापून आलेली पाच हजार पत्रके शुद्धलेखनासाठी रद्दीत घालण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडते. चाचणी दोन तासांत संपणारी असावी आणि तिचे पैसे द्यावेत. चाचणीच्या नावाखाली खऱ्या क्लायंटचे कॅम्पेन फुकट करून घेणे ही चोरी आहे. उमेदवारांनी ते काम स्वच्छ नाकारावे.

दर कशाला चढतो आहे हेही पाहू. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्राम रील्स भारतात सुरू झाले. तेव्हापासून व्हिडिओ एडिटर हे सरावाचे पद झाले. जुलै २०२३ मध्ये गुगलचे जुने ॲनालिटिक्स (वेबसाइटवरची ये-जा मोजणारे साधन) बंद होऊन त्याची जागा जीए-४ या नव्या आवृत्तीने घेतली. ज्यांनी त्यातले इव्हेंट (क्लिकसारख्या कृती) आणि कन्व्हर्जन (त्यातून झालेली चौकशी किंवा खरेदी) नव्याने मांडायला शिकून घेतले त्यांची पत वाढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि साध्या कॅप्शनचे, शुभेच्छांच्या बॅनरचे काम मिनिटांवर आले. त्यामुळे नवशिक्यांची पहिली पायरीच अरुंद झाली आहे, आणि ही काळजीची गोष्ट आहे, कारण त्याच पायरीवर हात तयार व्हायचा. जाहिरात क्षेत्राच्या वरच्या मजल्यावरही हालचाल आहे. ऑम्निकॉम या जागतिक जाहिरात-समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह विकत घेण्याचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण केला आणि पाठोपाठ सुमारे चार हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले.

नाशिकपुरते सांगायचे तर विषय जाणणाऱ्याला मोल आहे. बिल्डरच्या जाहिरातीत महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचे राज्याचे प्राधिकरण) क्रमांकाबरोबर क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून लागतो, हे न सांगता ठाऊक असलेला कॉपीरायटर मालकाचा दंड वाचवतो. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये, हे माहीत असलेला माणूस कृषी-औषधांचे कॅम्पेन योग्य आठवड्यात लावतो. मद्याची थेट जाहिरात करता येत नाही, त्यामुळे वायनरीचे मार्केटिंग सहली, टेस्टिंग आणि कार्यक्रम यांवर चालते. त्याला इव्हेंट जाणणारा माणूस लागतो, नुसता पोस्ट टाकणारा पुरत नाही. हे ज्ञान कोणत्याही पगार-तक्त्यात दिसत नाही. मुलाखतीत मात्र दोन प्रश्नांत कळते.

फी घेऊन माणूस शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीबद्दल मत थोडे कडक आहे. प्रचलित दर वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. ४.८ लाखांच्या पदाला ३९,९८४ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून ४७,१८१ रुपये. एवढ्या पैशात रेझ्युमे पुढे ढकलण्यापलीकडे काय मिळते ते विचारावे : पोर्टफोलिओ कुणी पाहिला, पगाराची अपेक्षा कुणी पडताळली, माणूस नव्वद दिवसांत सोडून गेला तर बदली देणार की पैसे परत. ही अट लेखी असावी आणि नव्वद दिवस रुजू झाल्यापासून मोजावेत, ऑफर दिल्यापासून नव्हे. मार्केटिंग हेडसारख्या पदाला, जिथे माणूस दुसऱ्या नोकरीत आहे आणि अर्ज करणार नाही, तिथे कन्सल्टन्सी पैसे वसूल करून देते. ज्युनिअर डिझायनरसाठी तिच्याकडे जाऊ नये. उमेदवाराकडून नोंदणीचे पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीकडे तर कुणीच जाऊ नये.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी छपाई, फलक, व्हिडिओ, मार्गदर्शक ॲप अशा कामांना हात लागणार आहेत, आणि बरेचसे मुदतीच्या करारावर किंवा फ्रीलान्स घेतले जातील. मुदतीच्या करारावरच्या माणसाला नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. करार अकरा महिन्यांचा की बारा, यावर खर्च बदलतो. फ्रीलान्सरचा दर पगाराला बावीस दिवसांनी भागून काढू नये. चाळीस हजारांचे १,८१८ रुपये रोज येतात, पण त्याला महिन्यात बिल करता येतील असे दिवस चौदाच धरले आणि सॉफ्टवेअर, लॅपटॉप, इंटरनेटचे आठ हजार मिळवले तर तोच दर ३,४२९ होतो. मालकाला हे महाग वाटते, पण सुटी, पीएफ, रिकामे दिवस यांपैकी काहीच तो देत नसतो. व्यावसायिक फी वर्षाला ५०,००० च्या पुढे गेली की दहा टक्के टीडीएस कापला जातो. साठ हजारांच्या बिलाचे खात्यात चोपन्नच येतात, उरलेले विवरणपत्र भरताना हिशेबात धरले जातात. फ्रीलान्सरने उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून बिलावर क्रमांक छापावा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत.

आणि हक्काचे कलम विसरू नये. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचे असते. फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क मात्र, वेगळे लिहून दिलेले नसेल तर, त्याच्याकडेच राहतो, पैसे दिले म्हणून तो आपोआप सरकत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचेच धरले जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. ओझरहून दुबईला द्राक्षे पाठवणाऱ्याने खोक्यावरच्या मजकुराचे बिल चुकते करण्यापूर्वी हे दोन शब्द करारात आहेत का ते पाहावे.